ताऱ्याभोवतीचं कडं

दोष लेन्समध्ये नव्हता. पण डोमाजी पडला फोटोग्राफर. काही वावगं दिसलं की आधी काच पुसायची, एवढंच त्याला ठाऊक.

यवतमाळात रात्रीच्या रोषणाईचा फोटो म्हटला की डोमाजीच. बुद्धजयंतीला वस्तीतल्या पणत्यांच्या रांगा, दिवाळीत शेटजींची पेढी आणि डिसेंबरात मिशनच्या आवारातला नाताळ. स्टँडचा जाडजूड कॅमेरा रोवायचा, माणसांचे पुतळे करून उभे करायचे, लेन्सवरचं झाकण काढायचं आणि उजेड आतल्या काचेच्या प्लेटवर मुरेपर्यंत श्वास रोखून थांबायचं. दिवसाचा फोटो कोणीही काढतं, असं तो खुशाल म्हणे. त्याचं सगळं नाव अंधारावर उभं होतं.

एकसष्टच्या नाताळात चर्चच्या दारावर कागदी तारा टांगला होता, पोटात बल्ब. डोमाजीनं मान वर केली तर ताऱ्याभोवती रंगीत कडं. आत निळसर, बाहेर तांबडं. दवानं कडं पडलं असणार, असं पुटपुटत त्यानं लेन्स पुसली. कडं होतंच. पुन्हा पुसली.

त्याची बायको इंदूबाई प्लेटांची पेटी धरून शेजारी उभी होती. तिनं ते पुटपुटणं ऐकलं. सासूबाई, सुखीबाई, कंदिलाकडे बघून म्हणायच्या की दिव्याले इंद्रधनुष्य पडलं. साऱ्या घराला कोण कौतुक! म्हातारी पुण्यवान, तिला तेज दिसतं, म्हणून शेजारणी पाया पडून जायच्या. पुढे म्हातारी भिंत चाचपडत चालू लागली, तेव्हा कुठे कौतुक ओसरलं. तोवर डॉक्टरचं नाव एकानंही काढलं नव्हतं.

"तुले दिसून राह्यलं का ते गोल?" डोमाजीनं हळूच विचारलं.

"नाही. तारा चोख आहे."

 त्यानं लेन्स तिसऱ्यांदा पुसली.

तेवढ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मेणबत्ती सांभाळत आल्या आणि मी कुठं उभी राहू म्हणाल्या. डॉक्टर स्वतःहून दारात आली होती, आणखी काय हवं? इंदूबाई तोंड उघडणार, तोच डोमाजीनं घाईनं सांगून टाकलं की आज दव फार आहे, बाई, जरा डाव्या अंगाला उभ्या राहा. रात्रीच्या फोटोवाल्याला नीट दिसत नाही, ही बातमी बाजारात पोचली की दुकानाला कुलूपच. बाई रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. डोमाजीनं झाकण काढलं.

फोटो लख्ख आला. तारा स्वच्छ, कड्याचा मागमूस नाही. त्याला कोण आनंद झाला! काच पुसल्यानं गेलं, म्हणाला.

"फोटोतून गेलं," इंदूबाई म्हणाली. "घरच्या कंदिलातून गेलं का?"

त्या दिवसापासून तो कंदिलाकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

दवाखान्यात संक्रांतीनंतर जायचं ठरलं. मग लग्नसराई आली, मग बुद्धजयंती. माणसाला टाळायचंच असलं की पंचांगही मदतीला येतं. शेवटी भर बाजारात डाव्या बाजूनं आलेली सायकल त्याला दिसलीच नाही. तो पडला. गुडघा फुटला तसं इंदूबाईनं त्याचं मनगट धरलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळे तपासले. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, म्हणाल्या. उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकली तर टिकेल. मागच्या नाताळातच का नाही बोललात, असंही त्यांनी विचारलं. 

पुढच्या नाताळात कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली इंदूबाई होती. हे पाहून रांगेत कुजबुज झाली. डोमाजी कॅमेऱ्याला खेटून उभा होता, तोंड ताऱ्याकडे.

"गोल दिसते का?"

"नाही," फडक्याआडून आवाज आला.

"मंग प्लेट घाल," तो म्हणाला, आणि झाकण लावायला हात पुढे करून चाचपडू लागला.