पलंग, छत्री, चपला आणि गिटार

हिरामण कळंबे गेला तेव्हा पांढुर्ण्याने चौकात त्याचा मोठा फलक लावला. त्यावर सात पुढाऱ्यांचे फोटो होते आणि उरलेल्या कोपऱ्यात हिरामण. जागा कमी पडली म्हणून त्याच्या हातातली गिटार कापून टाकली होती. त्यामुळे तो छातीपाशी बोटं वाकडी करून कशाची तरी भीक मागत असल्यासारखा दिसत होता. मग शोकसभेत दोन मिनिटं शांतता पाळली. ज्याला एकेचाळीस वर्षं कोणी कान दिला नाही, त्याला आणखी दोन मिनिटं.

दिवसा तो संत्र्याच्या पेट्या भरायचा आणि रात्री सौसरच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. कार्यक्रम संपला की निवेदक गायकांचे, मंडपवाल्याचे, जनरेटरवाल्याचे आभार मानायचा. हिरामणचं नाव राहून जायचं. गावाच्या लेखी तो बेंजोवाला होता. गोटमारीच्या जत्रेत कोणाचा दगड कुठवर गेला हे इथे पोरासोरांना तोंडपाठ असतं, पण सहा तारांच्या वाद्याचं नाव लक्षात ठेवायचं म्हणजे डोक्याला केवढा ताण!

जामसांवलीच्या जागरणात एकदा भजन म्हणणाऱ्या बुवांचा गळा ऐन अंतऱ्यात बसला. बुवा नुसते तोंड हलवत राहिले आणि पुढचा सगळा अंतरा हिरामणने गिटारीवर गायला. हो, गायलाच. तार अशी खेचायचा की सूर रडवेल्या माणसासारखा थरथरत वर चढायचा. माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "काय गळा हाय व बुवाचा!" सकाळी बुवांना शाल आणि नारळ मिळाला. हिरामणला चहा मिळाला, तोही थंड.

आणि सौसरचं ते लग्न. गाण्याच्या मध्येच लाइट गेली. ढोलकवाला बिडी ओढायला उठला, गायिका नवरीशेजारी जाऊन बसली. हा एकटा अंधारात वाजवत होता, आवाज शून्य. लाइट आली तेव्हा गिटार बरोबर तिथे निघाली, जिथे गाणं चालू राहिलं असतं तर पोहोचलं असतं. नवरीचे काका म्हणाले, "काऊन बे, बंद पडलं होतं नं? कायले हात हलवून राहिला होता?"

"लाइट बंद पडली होती काकाजी. गाणं नाही."

काकांनी त्याला वेड्यात काढलं. माझ्या मुलीने, प्रणालीने, गुरू केलं. तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच.

पोरगी बारावीला, आणि आठवड्यातून दोनदा त्याच्या ओसरीवर. एम.ए. झालेल्या आईला मुलीचं भविष्य दिसत होतं: थंड चहा आणि आभारात राहून गेलेलं नाव. मग एका कार्यक्रमातच हिरामणच्या छातीत कळ आली. पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे, पण छातीत दुखलं की अजून नागपूर. तो वाटेतच गेला. मी रडले, अगदी खरं रडले. आणि मनात म्हटलं, चला, निदान शिकवणी तरी सुटली.

तेरवीला त्याच्या बायकोने, उर्मिलाने, दानाचं सामान मांडलं. पलंग, गादी, छत्री, चपला, तांब्या. शेवटी गिटार आणून पलंगावर निजवली. "त्याइच्या वापरातली होती," म्हणाली. मला हायसं वाटलं. आता ती दान घेणाऱ्या महाराजांच्या घरी जाईल आणि विषय मिटेल.

महाराजांनी छत्री उघडून पाहिली, चपला पायात घालून पाहिल्या. मग गिटारीची तार ओढली. "हे बेंजो तं वाजतच नाही व."

"लाइटवर चालते महाराज," प्रणाली म्हणाली. मी तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"मंग मी काय करू इचं? दान वापरात नाही आलं तं जीव अडकून राहते त्याचा. वाजवणाऱ्याले द्या. अन् रोज वाजली पाहिजे."

उर्मिलाने गिटार उचलून सरळ प्रणालीच्या हातात दिली.

"अहो महाराज, बारावी आहे हो हिची!" मी म्हटलं.

"बारावी तिची हाय बाई. अडकीन तो."

यावर कोणत्या विद्यापीठात उत्तर शिकवतात ते मला माहीत नाही. माझा अशा गोष्टींवर मुळीच विश्वास नाही. फक्त रोज संध्याकाळी मीच विचारते, "वाजवलं का?" परवा पोरगी म्हणाली, "आई, उद्या फिजिक्सचा पेपर आहे." मी म्हटलं, "दहा मिनिटं वाजव. माणूस अडकला आहे तिकडे." स्पीकरचा डबा उर्मिलाने मागाहून पाठवला, तोही मीच पुसून ठेवते.

आज संध्याकाळी ती वाजवत असताना लाइट गेली. मी मेणबत्ती घेऊन दारात गेले. बोटं चालूच होती. तारांची नुसती बारीक किणकिण ऐकू येत होती. लाइट आली आणि सूर असा भरून निघाला की मेणबत्ती विझवायचं मला सुचलं नाही. शेजारचे यशवंतराव खिडकीतून ओरडले, "वहिनी, बंद करा नं ते बेंजो!"

"गिटार आहे ती," मी ओरडले. "आणि हिरामण कळंब्यांची आहे."