चोरीचा गुलाब

आमच्या मामूंइतका प्रामाणिक माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि आमच्या गल्लीत जेवढ्या म्हणून चोऱ्या झाल्या त्या सगळ्या यांनीच करवल्या. मामू म्हणजे माझे कुणी सख्खे मामा नव्हेत. औरंगाबादेत सिडकोमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हा त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती, नातं एवढंच. पण गल्लीतली पोरंसोरं आणि त्या पोरांचे आजोबा, सगळेच त्यांना मामू म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. मामूंची सारी नोकरी एस.टी.त तिकिटं तपासण्यात गेलेली. एकदा सोयगावच्या गाडीत त्यांनी मामींच्या सख्ख्या भावाला विनातिकीट पकडलं, भर गाडीत दंडाची पावती फाडली आणि संध्याकाळी त्याच्याकडेच जेवायला गेले. "माझ्या भावानं यांना नुसता रस्सा वाढला," मामी सांगायच्या, "बोटी एक नाय." यावर मामू शांतपणे म्हणायचे, "पण रस्सा लई झकास होता."

अशा या माणसाचा जीव अडकला होता एका गुलाबात. गुलाब गावठी. फिक्कट गुलाबी, पाकळ्यांची नुसती गर्दी, सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी मान टाकणार. पण वास असा की नाक्यावर रिक्षातून उतरलं की कळावं, आज मामूंकडे फुलं आहेत. दुकानातल्या लांब दांड्याच्या गुलाबांना ते 'सरकारी गुलाब' म्हणत. "रुबाब बघा, पण कामाच्या नावानं शून्य." अंगण तरी केवढं? एक खाट टाकली तर माणसानं फाटकाबाहेर उभं राहावं एवढं. त्यातली निम्मी जागा या झुडपाची. नमाजाआधीचं वजू मामू घरातल्या मोरीत कधी करायचे नाहीत. गुलाबाच्या आळ्याशी पाटावर बसून करायचे, म्हणजे हातपाय धुतलेलं पाणी थेट मुळाशी. नळ एक दिवसाआड यायचा, गल्लीतली झाडं माना टाकायची आणि मामूंचा गुलाब दिवसातून पाच वेळा पाणी पिऊन टवटवीत. आमची बायको वाळक्या तुळशीकडे बघत मला म्हणायची, "बघा, देवाचं पाच वेळा करणाऱ्याचं झाड! तुम्ही एकदा करता, तेही गार पाणी नको म्हणून टाळता." मामींना गुलकंदासाठी पाकळ्या हव्या असायच्या, पण दुपारपर्यंत फुलाला हात लावायची छाती नव्हती. आधी मामू पोटभर बघणार, मग बरणी.

आता चोरीचं सांगतो. नवीन असताना मी एकदा भिंतीवरून अदबीनं म्हणालो, "मामू, तुमच्या गुलाबाचं एक कलम द्याल का?" मामू ओरडले, "नाय! बिलकुल नाय!" मी पार ओशाळलो. एवढ्यात ते आणखी मोठ्यानं, जणू गल्लीला ऐकवत, म्हणाले, "मी आता आत जाऊन दाढी करणार. अर्धा तास लागंल. आन् मला ऐकू बी कमीच येतं." असं म्हणून त्यांनी हातातली कात्री भिंतीवर ठेवली आणि आत गेले. मला काही उलगडा होईना. मी आपला उभा. थोड्या वेळानं तोंडाला साबणाचा फेस लावलेले मामू खिडकीत आले. "क्या साहेब, अजून उभेच? कळतं का नाय काय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कात्री उचलली, पण चोराच्या मनात चांदणं! भलत्याच फांदीला लावली. खिडकीतून हुकूम आला, "त्यो फाटा नाय, डावीकडचा! पेन्सिलीएवढा जाड! तिरका कापा, तिरका!" मी कापला. "हां, आता पळा!" मी माझ्याच घरात पळालो, आणि मागून मामूंनी फेसाच्या तोंडानं रीतसर बोंब मारली, "चोर! चोर!"

यामागं त्यांचं एक पक्कं शास्त्र होतं. तरुणपणी सोयगावच्या बसस्टँडवर कंट्रोलरसाहेबांनी लावलेला असाच गुलाब होता. मामूंनी तीनदा हात जोडून कलम मागितलं, साहेबांनी तीनदा प्रेमानं दिलं, तिन्ही वाळली. चौथ्यांदा साहेबांनी टेबलावर चाकू ठेवला आणि म्हणाले, "मी चहा पिऊन येतो. इथला चहा लई गरम असतो, वेळ लागतो." ते कलम लागलं, आणि तोच हा गुलाब. तेव्हापासून मामूंचा मंत्र एकच, "दिया सो सुकता, चुराया सो फुलता." चोरल्यावर आभार मानायचे नाहीत. पुढं कधी तुमच्याकडे आले आणि झाड दिसलं की ते विचारणार, "हा कुठून आणला?" आपण म्हणायचं, "असाच, कुठून तरी." मग स्वारी अशी खूश की चहा मागून घ्यायची.

समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची मात्र फार पंचाईत झाली. जन्मभर मुलांना 'चोरी करू नये' लिहायला लावलेलं. लिंबाचं लोणचं घेऊन आल्या, मामूंनी लोणचं ठेवून घेतलं आणि कलम नाकारलं. शेवटी एका दुपारी बाईंनी छत्रीआड तोंड लपवून फांदी कापलीच. पण संस्कार कुठं जातात? दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "मामू, मला क्षमा करा हं." मामूंनी कपाळावर हात मारला. "गेलं! माफी मागितली, आता कशाचं लागतंय!" आणि खरंच वाळलं. बाईंना बिचाऱ्यांना पुन्हा सगळी चोरी करावी लागली. असं करत करत गल्लीतल्या घराघरात मामूंचा गुलाब गेला, आणि एकाही घरानं तो मामूंकडून घेतल्याचं कधी कबूल केलं नाही.

मग त्यांच्या मुलानं गाडी घेतली. मुलगा वाळूजला कंपनीत, गुणी पोरगा. मामींचे गुडघे गेले होते, त्यांना रिक्षात चढवताना दोघा बाप-लेकांची दमछाक व्हायची. गाडी हवीच होती, आणि गाडीला जागा म्हणजे अंगण. मामू एका शब्दानं आडवे आले नाहीत. मी म्हटलं, "मामू, निदान एक फांदी काढून ठेवा." तर म्हणाले, "स्वतःच्याच घरात चोरी कशी करायची, साहेब?" ऐन उन्हाळ्यात झुडूप मुळासकट काढून पत्र्याच्या पिंपात बसवलं. आठवडाभरात त्याचा काटेरी खराटा झाला. अंगणात फरशी आली, गाडी आली आणि मामू वजू आतल्या मोरीत करू लागले. भिंतीशी येऊन उभे राहायचे, माझ्या गुलाबाकडे बघायचे, "पानांवर मावा पडलाय, किडीला तंबाखूचं पाणी मारा," एवढंच म्हणायचे आणि परत जायचे. मला ते बघवत नसे.

गल्लीनं आपापल्या परीनं उपाय केले. बाईंनी कुंडीत लावलेलं रोप आणून दिलं. मामूंनी अदबीनं घेतलं, पाणी घातलं, वाळलं. मी दिलं, तेही वाळलं. "दिलेलं हाय ना," मामू म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "मग चोरा म्हणावं की! कुणी अडवलंय?" तिनं माझ्याकडे मुलं गणितात नापास झाल्यावर बघते तसं बघितलं. "अहो, तो माणूस मेहुण्याला सोडत नाही, आपणहून चोरी कसा करील? त्यांना कुणी करू दिली पाहिजे. तुम्ही आंघोळीला जा."

"सकाळीच केली."

"परत करा!"

मी खांद्यावर टॉवेल टाकला, अंगणात आलो. पलीकडे मामू गाडी पुसत होते. कात्री भिंतीवर ठेवली आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "मी आंघोळीला चाललो हो! अर्धा तास लागेल! आणि मला ऐकू पण कमी येतं!" मामूंचा फडक्याचा हात थांबला. मी न्हाणीघरात जाऊन झरोक्याला डोळा लावला. मामूंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जन्मभर बिनतिकीट माणसं हुडकणारा तो माणूस स्वतः बिनतिकीट गाडीत चढल्यासारखा घामाघूम झाला होता. कात्री उचलली आणि घाबरून भलत्याच फांदीला लावली. मला राहवेना. "तो नाही, मामू, डावीकडचा! तिरका कापा!" त्यांनी कापला. आणि मग त्या वयात मामू पळाले हो! खरोखर पळाले, टोपी सावरत. मी 'चोर! चोर!' ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांना पळताना बघायच्या नादात ओरडायचंच राहिलं. माझी बोंब शेवटी बायकोनं मारली.

पावसाळ्यानंतर एकदा मामूंनी चहाला बोलावलं. गाडीच्या पुढं, भिंतीच्या कोपऱ्यात तेलाचा डबा होता आणि डब्यात गुलाबाला लालसर पालवी. मी विचारलं, "हा कुठून आणला, मामू?" "असाच," मामू बशीत बघत म्हणाले, "कुठून तरी." 

मामू गेले त्या दिवशी मुलगा फुलांसाठी गुलमंडीकडे निघाला होता. मामींनी त्याला थांबवलं. समोरच्या बाई ओंजळभर पाकळ्या घेऊन फाटकात उभ्या होत्या. त्यांच्यामागं शेजारचे, त्यांच्यामागं पलीकडचे, कुणाच्या ताटात, कुणाच्या पदरात, कुणाच्या टोपीत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीत एकाही झाडावर फूल उरलं नाही. इतक्या वर्षांत हा गुलाब मामूंचाच, असं आम्ही उघडपणे पहिल्यांदाच कबूल करत होतो, आणि या वेळी त्यांना कपाळावर हात मारता आला नाही. संध्याकाळपर्यंत त्या पाकळ्या सुकल्या असतील. दिलेल्या होत्या ना.