भाऊजींचा फेरा

२३ जानेवारी. काम: मोठ्या दिरांची पितळी यंत्रं जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळून खोक्यांत भरणे.

अख्ख्या बुऱ्हाणपुरात जमिनीवर राहून जमिनीखालचा विचार करणारा माणूस एकच, आणि तो आमच्या घराण्यात निघाला. भाऊजी कोळशाच्या खाणीत मोजणीचं काम करायचे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. हे खाणींच्या गावांतल्या भंगारवाल्यांकडे गेले. तिथून खाणमोजणीची जुनी यंत्रं आणू लागले: होकायंत्रं, दुर्बिणी, ओळंबे, लांबच लांब साखळ्या. एक पितळी दुर्बीण त्यांनी दुलईत गुंडाळून बसमधून मांडीवर आणली. कंडक्टरनं विचारलं, "अंकल, ये बच्चा है या सामान?" भाऊजी म्हणाले, "बुजुर्ग है," आणि दुलईचं टोक सारखं करून घेतलं.

खाणीत मोजणीची खूण जमिनीवर करत नाहीत. तिथं गाड्या फिरतात, खूण पुसली जाते. छतात खिळा ठोकून त्याला ओळंबा सोडतात. त्यामुळे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात. माझ्या मुलासाठी शाहपूरला मुलगी बघायला गेलो, तर हे तासभर छताकडे बघत बसले. मुलीच्या आईला वाटलं, पाहुण्यांना पंख्याचा वारा पुरत नाही. बिचारीनं शेजारून कूलर आणवला. मुलगी चहा घेऊन आली आणि नेमके तेव्हाच भाऊजी म्हणाले, "एकदम सरळ आहे!" ते तुळईबद्दल बोलत होते. लग्न ठरलं.

लोखंडाशी त्यांचं वैर. लोखंड जवळ असलं की होकायंत्राचा काटा बहकतो. मी नवी नवरी असताना ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "अंगावर पिना किती आहेत?" जाऊबाईंनी, तेव्हा त्या होत्या, कपाळाला हात लावला. मी मोजून सांगितलं, अकरा. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

रोज सकाळी राजपुऱ्याच्या गल्ल्यांतून त्यांचा फेरा असायचा. चौदा वळणं. प्रत्येक वळणावर होकायंत्र डोळ्याला लावून कोन बघायचा, वहीत लिहायचा, घरी येऊन कागदावर रेघा ओढायच्या. शेवटची रेघ पहिल्या ठिपक्यावर परत आली, की फेरा जुळला. एकदा त्यांनी तिकाटणं लावून दुर्बीणच मांडली, तर गल्ली घराचे कागद घेऊन बाहेर आली. किराणावाला हात जोडून म्हणाला, "साहेब, रोड चौडा होऊन राहिला का? आमचा ओटा तेवढा वाचवा ना!" भाऊजींनी ओटा खरंच तपासला आणि त्याचा उतार उलटा आहे, पाणी दुकानात शिरेल, असं सांगितलं. माणूस दोन दिवस झोपला नाही.

फेरा रोज जुळायचा. दिवाळीनंतर जुळेना. शेवटची रेघ कधी परसात जाऊन थांबे, कधी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. भाऊजींनी चार होकायंत्रं बदलून पाहिली. मग एके दिवशी म्हणाले, "नजर गेली माझी. खाणीत एवढी चूक केली असती तर माणसं जुन्या बंद खाणीत साठलेल्या पाण्यात शिरली असती. ज्याला फेरा जुळत नाही त्यानं ही यंत्रं ठेवू नयेत." इंदूरचं एक कॉलेज सगळं न्यायला तयार झालं. मला खोकी भरायचं काही वाटलं नसतं. पण परवा ते आमच्याकडे आले आणि छताकडे न बघता सरळ माझ्याकडे बघून बोलले, तेव्हा वाटलं.

आज मी शेवटचं होकायंत्र गुंडाळत होते. "अगं, काटा अडकवून ठेव, नाहीतर झिजेल," म्हणत ते वाकले. त्यांचं डोकं जवळ आलं तसा काटा सरकला. ते मागे झाले, काटा जागेवर आला.

"भाऊजी, परत वाका."

"काय?"

"वाका म्हणते ना!"

काटा पुन्हा सरकला. मी त्यांचे खिसे पाहिले, बटणं पाहिली. चष्मा प्लास्टिकचा. मग कानामागचं ते मशीन दिसलं. त्यांच्या मुलीचा फोन नीट ऐकू यावा म्हणून तिनंच दिवाळीत आणून दिलेलं. मी ते काढून होकायंत्राजवळ धरलं, तर काटा दुधाकडे मांजर वळावं तसा वळला.

"यात लोहचुंबक आहे," मी ओरडून सांगितलं. "तुमची नजर ठीक आहे!"

मला वाटलं, हसतील. त्यांनी मशीन तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे तिचं ऐकायचं, नाहीतर फेरा जुळवायचा."

"तिचा फोन संध्याकाळी येतो," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं. "फेरा सकाळी असतो."

२४ जानेवारी. पहाटे उठून एक खोकं सोडलं. मशीन फळीवर ठेवून भाऊजी निघाले. त्यांना हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून मी रस्त्याच्या बाजूनं चालले. ते कोन ओरडून सांगत होते, मी लिहीत होते. गल्ली आमच्याकडे बघत होती. घरी येऊन त्यांनी रेघा ओढल्या. शेवटची रेघ ठिपक्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी लांब राहिली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"एवढी चूक मात्र माझ्या वयाची," ते म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नसतं, म्हणून मी नुसती मान हलवली, आणि इंदूरला फोन लावून सांगितलं, टेम्पो पाठवू नका.