सरकीच्या पोत्याहून हलकी

"चप्पल उतार के चढ़. ये लक्ष्मी है."

शेठने बोट दाखवलं ते कापूस मोजायच्या काट्याकडे. मी चप्पल काढली आणि काट्यावर चढले. थंडीचे दिवस होते, लोखंडी पत्रा तळव्यांना चावत होता. समोर कापसाचे बोजे घेऊन आलेले शेतकरी, हमाल, आमच्या जिनिंगमधल्या सगळ्या बाया. काट्याचे लाल आकडे थोडे थरथरले आणि थांबले.

"अडतीस!" शेठ ओरडला. "अरे, इससे तो सरकी की बोरी भारी है!"

हमाल हसले. शेतकरी हसले. बायाही हसल्या, कारण शेठ हसला की हसायचं ही तिथली शिस्त. आणि मीसुद्धा हसले. दात दाखवून हसले. त्या हसण्याची चीड मला अजून येते.

माझा गुन्हा काय, तर झाडता झाडता खाली बसले. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. तेलंगणातल्या आदिलाबाद शहराच्या कडेला, जैनथच्या रस्त्यावर. माझं काम मशीनखाली सांडलेली रुई झाडून गोळा करायचं. मशीन सुरू झाली की बारीक तंतू हवेत उडतात. केसांवर बसतात, भुवयांवर बसतात, श्वासाबरोबर आत जातात. संध्याकाळी आम्ही सगळ्या एकाच वयाच्या दिसायचो, म्हाताऱ्या. त्या दिवशी दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून बसले. शेठने पाहिलं.

"क्या हुआ? घर में खाना नहीं मिलता? चल, देखते हैं कितना माल है."

माल. म्हणून काटा.

मी उतरले, चप्पल घातली आणि पुन्हा झाडू हातात घेतला. दिवसभर कोणी ना कोणी मला 'अडतीस' म्हणून हाक मारत होतं.

सुट्टी झाली की मुकादम गूळ वाटायचा. ही जिनिंगची जुनी रीत. गूळ खाल्ला की छातीत गेलेली रुई पोटात उतरते आणि निघून जाते, असं सगळे मानायचे. शेठ मानायचा, मुकादम मानायचा, आम्हीही मानायचो. तोंडाला बांधायला साधं फडकं कोणी दिलं नाही, गूळ मात्र न चुकता. गावातल्या बायांच्या हातावर मुकादम गूळ ठेवायचा. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांच्या ओंजळीत वरून टाकायचा. गूळ एकच, पण त्याचा हात आमच्यापाशी आला की वीतभर वर थांबायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ओंजळ आपोआप खाली जायची.

माझी आई त्याच जिनिंगमध्ये झाडायची. ती आपला गूळ खायची नाही. पदराला बांधून घरी आणायची आणि आम्हा पोरांना द्यायची. आम्ही चाटून चाटून खायचो, लवकर संपू नये म्हणून. ती चुलीपाशी बसून खोकायची आणि म्हणायची, "म्या गूळ नाई खाल्ला ना आज, म्हून खोकला येऊन राह्यला." तिला खरंच तसं वाटायचं. आणि मला वाटायचं, आईचं औषध आपण खाऊन टाकलं. हे ओझं मी किती वर्षं वाहिलं असेल!

आई एकदम मेली नाही. ती थोडी थोडी कमी होत गेली. आधी दंड गेले, मग गाल. पोलकं दोनदा आत घेतलं. दोन घास खाल्ले की दम लागायचा, ताट बाजूला सारायची. "भूक नाई," म्हणायची. बांगड्या मनगटातून निसटायला लागल्या तेव्हा तिने त्यांना दोरा गुंडाळला, घट्ट बसाव्या म्हणून. मग आणखी दोरा. शेवटी बांगडीपेक्षा दोराच जास्त दिसायचा. गाव म्हणायचं टीबी. थुंकी तपासली तर टीबी निघाला नाही. मग काय आहे, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. ती गेली तेव्हा तिला उचलून बाजेवरून खाली घेतलं ते मी एकटीने घेतलं. जोर लावावा लागला नाही.

काट्यावर चढवलं त्या संध्याकाळी घरी येऊन मी हात धुवायला बसले. बांगडी सर्रकन निघून बादलीत पडली. मी ती काढली, पुसली, घरात गेले आणि शिवणाच्या डब्यातून दोरा काढून गुंडाळायला लागले. दोन वेढे झाले. तिसऱ्या वेढ्याला हात थांबला.

माझी बोटं काय करत होती ते मला दिसलं. भीती वाटली. आई मागे उभी राहून माझ्याच हाताने दोरा गुंडाळते आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारली आणि सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तेलुगू होती, वयाने माझ्या भाचीएवढी. तिने नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी नव्हता. फुप्फुसं खराब झाली होती, रुईने आणि चुलीच्या धुराने. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल, असं तिने सांगितलं. तोंडात ओढायचा पंप दिला. मग माझं मनगट धरलं, दोरा पाहिला आणि म्हणाली, "अम्मा, रोजू गुड्लु तिनाली." रोज अंडी खायला पाहिजेत.

मी म्हटलं, मला भूकच नाही. तेव्हा तिने हिंदीत नीट समजावलं. "साँस लेने में ही आपका खाना जल रहा है, अम्मा."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी श्वास घेते, त्यालाच अन्न लागतं. मी खात नाही, म्हणून अंगावरचं मांस जळतं. मांस जळतं, म्हणून छाती उचलायलाही ताकद उरत नाही. मग दम लागतो, म्हणून खाववत नाही. आईची भूक गेली नव्हती. जेवायला लागणारा दम गेला होता.

आणि गूळ? डॉक्टरीण म्हणाली, गूळ अन्ननळीने जातो, रुई श्वासनळीने. दोघांची वाटच वेगळी. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि रडले. आईचं औषध आम्ही खाल्लं नव्हतं. ते औषध नव्हतंच. गुळाच्या एका खड्याच्या बदल्यात माझ्या आईच्या छातीत रुई भरली होती.

डॉक्टरिणीने जेवणाची पद्धत सांगितली. एकदम पोटभर खायचं नाही, पोट फुगलं की छातीला जागा राहत नाही. थोडं थोडं, पण दिवसातून पाचसहा वेळा. अंडी, घट्ट वरण, शेंगदाणे, भाकरीवर तूप नाहीतर तेल. जेवायच्या आधी जरा टेकायचं. ताठ बसून, सावकाश. आणि सकाळी अंगात ताकद असते तेव्हाच नीट जेवून घ्यायचं.

ऐकायला सोपं. पण आमच्यात बाई सगळ्यांत शेवटी जेवते, तेही भांडं खरवडून. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सकाळी उठून त्याने स्वतः अंडी उकडली, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाला, "तू आंधी खाय. आमी मंग." लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पहिल्यांदा त्याच्या आधी जेवले. घास उतरेना, लाज वाटत होती. तरी उतरवला.

जिनिंगचं काम सोड, असं डॉक्टरीण म्हणाली होती. ते लगेच सुटत नसतं. पण थोडं थोडं खायचं मी ठरवलं. तोंडाला ओढणी बांधून काम करायची आणि मधेच भिंतीमागे, जिथे रुई उडत नाही तिथे जाऊन दोन घास खायची. मुकादमाने दोनतीनदा हटकलं. एकदा दुपारी मी डबा उघडून बसले होते. एक अंडं डब्यात, एक संध्याकाळसाठी पदराच्या गाठीत. मुकादम वास काढत आला आणि त्याने शेठला हाक मारली.

शेठ आला. डब्यात पाहिलं.

"अंडा? यहाँ? यहाँ लक्ष्मी का वास है, मालूम नहीं?"

मी म्हटलं, "दवाखान्यातून सांगतलं, शेठ. माह्या छातीची बिमारी हाय. हे औषध हाय माह्यं."

"औषध घर में खाओ. तुम लोगों को कुछ भी खाने की आदत है."

तुम लोगों को. मी वर पाहिलं. त्याने मुकादमाला खूण केली. मुकादमाने पायाने डबा उलटवला. अंडं घरंगळत कुंपणापाशी गेलं, तिथलं कुत्रं घेऊन गेलं. मग मुकादम लोटी घेऊन आला आणि मी बसले होते तिथे त्याने गोमूत्र शिंपडलं. चार थेंब माझ्या पायावर पडले. ते चुकून पडले नव्हते.

बाया मशीनपाशी उभ्या राहून पाहत होत्या. त्यात राधाबाई होती. आमच्याच वस्तीतली, माझ्या शेजारी उभी राहून झाडणारी. तिने मान खाली घातली.

मी रिकामा डबा उचलला आणि कामाला लागले. राग होता, पण रागालाही श्वास लागतो.

सुट्टी झाली. गुळाची रांग काट्यापाशीच लागायची. शेतकऱ्यांचे बोजे अजून मोजायचे राहिले होते. माझी पाळी आली. मुकादमाचा हात वीतभर वर थांबला. त्याने गूळ सोडला आणि मी ओंजळ मागे घेतली.

खडा खाली पडला. मातीत.

"उठाव," मुकादम म्हणाला.

"नाई. माह्या मायनं हा गूळ आमाले चारला अन् थे मेली. मले नोको."

मग मी चार पावलं चालले आणि काट्यावर चढले. चपला घालून. ताठ बसले, डॉक्टरिणीने सांगितलं होतं तशी. पदराची गाठ सोडली, अंडं काढलं, सोललं. टरफलं मांडीवर ठेवली.

शेठ गल्ल्यावरून धावत आला. "उतर! उतर नीचे! इस काटे की पूजा होती है!"

"त्या दिवशी तुमीच चढवलं मले याच्यावर. तवा नाई बाटला काटा? मी चालते अन् माह्यं अंडं काऊन नाई चालत?"

मुकादम ओरडत होता, पण मला ओढायला पुढे येत नव्हता. ओढायचं तर शिवावं लागलं असतं. ते मात्र त्याला जमत नव्हतं.

मी खाल्लं. मला भराभर खाता येत नाही. एक घास, मग तोंड मिटून नाकाने श्वास, मग ओठ गोल करून सावकाश बाहेर. मग पुढचा घास. एवढंसं अंडं संपेपर्यंत काटा बंद होता. शेतकरी बोज्यांना टेकून उभे होते. शेठ उभा होता. काट्यावर माझा आकडा लाल दिसत होता आणि या वेळी कोणी तो ओरडून वाचला नाही. शेवटचा घास गिळला, टरफलं पदरात गोळा केली आणि उतरले.

"कल से मत आना."

"नाई येत," मी म्हटलं. एवढंच. दम उरला नव्हता.

याला आता बरेच महिने झाले. मी वस्तीतल्या शाळेत पोरांना खिचडी शिजवते, गॅसवर. वजन थोडं वाढलं आहे. बांगडी दोऱ्याशिवाय बसते. पण खोकला गेला नाही आणि जाणार नाही. पाणी भरून आणलं की अजून ओट्यावर बसावं लागतं. फुप्फुसं जेवढी गेली तेवढी गेली. शेठच्या गोदामात ती जमा आहेत, गाठी बांधून.

परवापासून जिनिंगची यंत्रं पुन्हा सुरू करून पाहताहेत. काल राधाबाई आली होती. हंगाम सुरू होतोय, जाते म्हणाली. बोलताना दोनदा थांबली, श्वास घ्यायला. मी तिच्यापुढे ताट ठेवलं. दोन घास खाऊन तिने ते सारलं.

"भूक नाई वं बाई."

मी तिचा हात धरला. बांगड्यांना दोरा होता. नवा, पांढरा, दोन वेढे.

आज सकाळी तिला ओढत दवाखान्यात नेलं. येताना वस्तीतल्या जिनिंगमध्ये जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या दारात गेले आणि प्रत्येकीचा हात उजेडात धरून पाहिला. राधाबाई एकटी नाही.

उद्या काट्याची पूजा आहे. नारळ फुटेल, हळदकुंकू वाहतील, मुकादम गूळ घेऊन उभा राहील. मी फाटकात उभी राहणार आहे. आधी तोंडाला मास्क, आधी छातीची तपासणी, थोडं थोडं खायला सुट्टी आणि ज्याला जे पचतं ते खायची मुभा. तोवर एकीलाही आत जाऊ देणार नाही आणि एकीच्याही हातावर वरून गूळ पडू देणार नाही. मला ओढून काढायचं असेल तर मुकादमाला मला शिवावं लागेल. माझ्याकडे श्वास थोडा आहे. तो कुठे खर्च करायचा ते मी ठरवलं आहे.

आणि निघायच्या आधी मी जेवून निघणार आहे. ताठ बसून, सावकाश, घरात सगळ्यांच्या आधी.