बादलच्या खुब्याचा फोटो

पाचोऱ्याचे आमचे ढोरडॉक्टर कुणाशीही बोलण्याआधी त्याची चाल पाहून घेत, आणि तीही मागून. बैलाची पाहत तशीच माणसाचीही. मी कन्याशाळेत नवी शिक्षिका म्हणून आले, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी नमस्काराआधी सांगितलं, "मॅडम, तुमची उजवी चप्पल टाचेला जास्त झिजते." मला रागच आला होता. सरकारी दवाखान्यात एखादा शेतकरी बैलाचं दुखणं सांगू लागला, की ते हात वर करत. "पहिले बैल चालाव, मंग बोल."

नवरा रेल्वेत, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. सोबतीला कुत्रा हवा होता आणि हौस अल्सेशियनची. डॉक्टरांनी धुळ्याहून एकाच वेतातली दोन पिल्लं पाटीत घालून एसटीतून आणली, एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी. "पहिली निवड तुमची," म्हणाले. मी काळ्या पाठीचं उचललं. त्याचं नाव बादल ठेवलं. उरलेला रॉकी त्यांच्या घरी गेला.

मग तपासण्यांचा ससेमिरा सुरू झाला. पिल्लाची शी काडेपेटीत घालून दवाखान्यात न्यायची, आणि ती काडेपेटी शाळेला जाता जाता माझ्या पर्समध्ये! कान तपासायला डॉक्टर पाठीमागे स्टीलचा पेला पाडत. बादल दचकला की खूश होत. सहाव्या महिन्यात गोचीडतापासाठी कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला. पण खरी परीक्षा आमच्या अंगणात. पाणी शिंपडून माती ओली करायची, बादलला तिच्यावरून दुडक्या चालीनं न्यायचं, आणि मग हे गृहस्थ उकिडवे बसून ठसे वाचणार. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडलेला दिसला, की त्याची पाठ थोपटत म्हणत, "बठ्ठं बराबर शे, भाऊ," म्हणजे सगळं ठीक आहे. बैलबाजारातली विद्या त्यांनी अल्सेशियनला लावली होती. त्यांना ठसे न्याहाळताना पाहून शेजारणीनं एकदा मला हळूच विचारलं, "चोरीबिरी झाली का हो तुमच्याकडे?"

दहाव्या महिन्यात रॉकी मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या मारत पळू लागला. डॉक्टरांनी त्याच्या खुब्याचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून आणला. खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसलेलाच नव्हता. हे सांगायला ते स्वतः घरी आले, चहाही घेतला नाही. "मॅडम, हे रक्तातून येतं. दोघं सख्खे भाऊ. बादलचं मी खात्रीनं काही सांगू शकत नाही. दोन वर्षांचा होऊ द्या. हाडं पक्की झाली की त्याचाही फोटो काढू." म्हणजे आणखी चौदा महिने. ते मी कसे काढले, माझं मला ठाऊक. बादल सकाळी उठताना जरा रेंगाळला, तरी मी अंगणात पाणी शिंपडून त्याचे ठसे पाहायची.

जळगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी सुट्टीच्या दुपारी आपलं यंत्र वापरू दिलं. भुलीचं इंजेक्शन देऊन बादलला उताणं झोपवलं. आमच्या डॉक्टरांनी त्याचे मागचे पाय सरळ ताणून धरले. पाकिटावर तिथल्या माणसानं सवयीनं लिहिलं, 'श्री. बादल, वय दोन.' मला हसायचंही भान नव्हतं.

ओली फिल्म खिडकीशी धरून डॉक्टर पाहत राहिले. पुन्हा पाहिली. "दोन्ही गोळे खोबणीत. एकदम घट्ट," म्हणाले आणि स्टुलावर बसले. मी तिथेच रडले, अगदी मोकळी होऊन. त्या दिवशी दुसरं पिल्लू उचललं असतं तर, हा विचार आलाच मनात, पण मी तो घाईघाईनं बाजूला सारला. डॉक्टर चष्मा पुसत होते. "पिल्लं मी आणली होती, मॅडम. रॉकीचं मी सोसलं. तेच तुमच्या वाट्याला आलं असतं, तर तोंड कुठे लपवलं असतं मी?"

पुढे त्यांची धुळ्याकडे बदली झाली. बायकोमुलं आधीच एसटीनं गेली होती. सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा त्यांनी रॉकीला दिली. त्याला चढता येत नव्हतं, म्हणून स्वतः उचलून बसवलं, आणि आपण मागे ट्रंकांना टेकून बसले. टेम्पो हलला तसा बादल माझ्या हातातला पट्टा हिसडून मागे धावत सुटला. मी घाबरून त्याला हाका मारू लागले. तर डॉक्टर सामानावर उभे राहून ओरडले, "मॅडम, नका थांबवू त्याला! पळू द्या, पोटभर पळू द्या!"