चाचा, बब्बू आणि एक ताट

माणसाने एका पाखरासाठी स्वतः किती खावं, याला काही मर्यादा असेल असा माझा समज होता. परंड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या घड्याळवाल्या चाचांनी तो खोडून काढला. मी शाळेत शिकवते; रेशन, औषधं, कामं सगळं यादी करून भिंतीवर लावते आणि स्वतःला शिस्तीची समजते. चाचांपुढे माझी शिस्त म्हणजे नुसती हौस.

बब्बू हा त्यांचा पोपट. लहानपणीच पंख मोडल्यामुळे त्याला उडता येत नाही. आधी तो त्यांच्या तेरखेड्याच्या साडूंकडे होता. तिथं सगळ्यांनी लाडानं त्याला शेंगदाणे आणि फरसाण चारलं. गेल्या वर्षी तो चाचांकडे आला तेव्हा छातीवर पिसं नव्हती आणि दांडीवर चढताना धाप लागत होती. डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर सुजलंय. पाला, फळं, मोड आलेली कडधान्यं द्या, नाहीतर पाखरू हातचं जाईल. चाचा तडक माझ्याकडे आले. "बाई, तुमी सगळ्याच्या याद्या करता. याचीबी एक करा." मी वारानुसार तक्ता करून दिला: सोमवारी शेवग्याचा पाला आणि भोपळा, मंगळवारी कारलं आणि मोडाचे मूग, बुधवारी गाजर आणि डाळिंब, असा रविवारपर्यंत.

तक्ता मी केला, पण अंमलबजावणी पाहावी तर चाचांची. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डोळ्याला भिंग लावून मूग निवडायचे, सफरचंदाच्या बिया चिमट्याने काढायचे. मंडईत पालकाची जुडी उजेडाला धरून पान न् पान बघायचे. एकदा भाजीवाली वैतागून म्हणाली, "चाचा, एवढं कोण पाहुणं आलंय?" चाचा म्हणाले, "पाहुणा न्हाय गं, घरमालक आलाय."

घरमालकाने मात्र पहिल्या दिवशी गाजर उचलून सरळ चाचींच्या चहात टाकलं होतं. दिवसभर त्याने काही खाल्लं नाही. चाचा विचार करत बसले आणि मग उठून घरातलं मोठं ताट काढलं. त्यांच्याकडे घरची सगळी एकाच ताटाभोवती जेवतात. "आमच्यात कुणाला एकट्याला वाढत न्हाईत," ते म्हणाले. "त्यो रुसणारच." बब्बूला ताटाच्या काठावर बसवून त्यांनी कच्चं गाजर खाल्लं, बिनमिठाचा पाला खाल्ला, हिरवा भोपळा कुडुमकुडुम चावला. अर्ध्या तासाने बब्बूने त्यांच्या बोटांतला तुकडा ओढून घेतला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी असेच जेवले. चाची मला म्हणाल्या, "यांची साखर वाढली म्हणून मी वीस वर्षं कारलं करून ठिवते, हात लावला न्हाय. आता कच्चं खातेत. मला पंख न्हाईत ना."

बब्बूच्या छातीवर हिरवी लव आली आणि रमजान लागला. या घरातला त्याचा पहिलाच. पहाटे सहरीच्या जेवणाला त्याच्या पिंजऱ्यावर चादर असे आणि इफ्तारपर्यंत तो पेंगलेला असे. दिवसभर चाचा खाईनात, चाची खाईनात. बब्बूनेही चोच लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा दारात उभे. चेहरा उतरलेला. "यानंबी रोजा धरलाय, बाई. आजाऱ्याला रोजा माफ असतोय, पण ह्याला सांगायचं कुणी?" मग खाली बघत म्हणाले, "तुमाला रोजा न्हाय. तुमी बसाल का त्याच्या जोडीला?"

मी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि जाऊन बसले. मंगळवार होता. कच्च्या कारल्याचा पहिला तुकडा दाताखाली गेला तेव्हा तक्ता करणाऱ्या बाईबद्दल माझं मत फार वाईट झालं. बब्बू माझ्याकडे बघतही नव्हता. तो बघत होता चाचांच्या रिकाम्या हातांकडे. "चाचा, तुम्ही आत जा," मी म्हटलं. "तुम्ही खात नाही हे त्याला दिसतंय."

ते मधल्या खोलीच्या पडद्याआड गेले. मी कारलं संपवलं, मूग घेतले. मूग चावताना माणसाला आवाज करता येतो, तेवढा केला. बब्बू एक पाऊल सरकला, मान वाकडी करून माझं तोंड न्याहाळलं, आणि चोचीत एक मूग घेतला. मग दुसरा. मग कारल्याची चकती पायात धरून तो कुरतडू लागला.

पडद्याआडून दबका आवाज आला. "खाल्लं?"

"खातोय."

"माझ्याबिगर?"

"हो चाचा."

चाचींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि नजर वळवली. चाचा बाहेर आले आणि लांबूनच, भिंतीशी उभे राहून बघत राहिले. बब्बूने त्यांच्याकडे मान वळवली नाही.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पोपट लई वर्षं जगतेत, बाई. माझं वय झालं. त्याला दुसऱ्याच्या ताटात खाता आलं पायजे." मग खिशातून डोळ्याचं भिंग काढून सदऱ्याला पुसलं, आणि पुसतच राहिले.