दातांची मालगाडी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या बनवतात. डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर पेशंटच्या तोंडात हात घालून ठसा घेतो, तो ठसा भाऊजींकडे येतो, भाऊजी त्यात प्लास्टर ओतून जबडा करतात आणि त्या जबड्यावर मापाची कवळी बसवतात. ज्याचं तोंड असं पाठ झालेलं असतं, तो माणूस रस्त्यात समोर आला तरी ते त्याला ओळखत नाहीत. हसला, तर मात्र लगेच नमस्कार करतात.

इथवर ठीक होतं. कोणीतरी कवळ्या करायलाच हव्यात. पण भाऊजींना नाद होता तो आगगाड्यांचा. खऱ्या नव्हे, तळहातावर मावतील अशा. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या खेळण्यांच्या दुकानांतून, कोणाकोणाच्या माळ्यावरून ते इंजिनं आणि डबे जमवायचे आणि कवळ्यांच्या खोक्यांत लपवून घरी आणायचे. ताईने एकदा खोकं उघडलं तर आत काळं कुळकुळीत वाफेचं इंजिन.

"हे कोणाच्या तोंडात बसवणार आहात?" ताईने विचारलं.

भाऊजी इंजिनावरची धूळ फुंकत राहिले. ताईचा राग साधारण जेवणापर्यंत टिकतो हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

आमचे बाबा शिंपी होते. ते गेल्यावर शिलाईचं मशीन माझ्याकडे आलं, पण कपडे बेतायचं त्यांचं लांबलचक टेबल माझ्या दुकानात मावेना, म्हणून ते ताईच्या पुढच्या खोलीत ठेवलं. चार दिवसांसाठी, असं भाऊजी म्हणाले. चार दिवसांनी जाऊन बघते तर टेबलावर रूळ! बाबांनी ज्या लाकडावर अख्ख्या गल्लीच्या विजारी बेतल्या, त्यावर आता स्टेशन होतं. हिरड्यांसाठी लागणारा गुलाबी मसाला उरला होता, त्याचे प्लॅटफॉर्म झाले होते. झाडं जुन्या दातब्रशांच्या केसांची होती. डब्यांचा पिवळा रंगसुद्धा दातांच्या रंगपट्टीवरून घेतलेला. "सिगारेट ओढणाऱ्याचा पिवळा," भाऊजी अभिमानाने म्हणाले.

आणि मधोमध डोंगर.

त्या डोंगराची गोष्ट अशी की, कवळी झाली की प्लास्टरचा जबडा उरतो. डॉक्टरला तो नको असतो, पेशंटला तर नकोच असतो. लोक फेकून देतात. भाऊजींना ते जमेना. "माणसाचं तोंड कचऱ्यात कसं टाकायचं हो?" ते म्हणायचे. वर्षानुवर्षं फळ्यांवर जबडे साचले होते. ते त्यांनी एकावर एक रचले, फटींत प्लास्टर भरलं, हिरवा-तपकिरी रंग मारला आणि खालून बोगदा काढला. लांबून बघाल तर खडकाळ डोंगर. जवळ गेलात की कळायचं, सगळी गल्ली आपल्याकडे बघून दात विचकते आहे.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक आपापला जबडा बघायला येऊ लागले. कोपऱ्यावरचा सलूनवाला बोगद्याच्या तोंडाशी होता, आणि सगळ्या गाड्या आपल्याजवळून जातात म्हणून तो खूश होता. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका शिखरावर. त्या दर महिन्याला येऊन आपली जागा कोणी घेतली नाही ना, हे बघून जायच्या. भांडणंही झाली. एका काकांना उतारावर राहणं कमीपणाचं वाटत होतं.

पुढे आईचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ती ताईकडे राहायला आली. तिची खाट आतल्या खोलीत होती. महिन्याभरात भाऊजींनी मधल्या भिंतीला भोक पाडलं. "हवा खेळती राहील," म्हणाले. त्या भोकातून हवेबरोबर गाडीही आली, आईच्या खाटेला वळसा घालून त्याच भोकातून परत बाहेर, न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊ लागली.

"जावईबापू, माझ्या मुलीचं घर आहे की जंक्शन?" आई कडाडली.

आईच्या तोंडाला धार होती. सलूनवाला तिच्या खिडकीखालून जाताना पावलं चोरत जायचा, कारण तिला त्याचा आळस दिसला की ती वरूनच त्याची हजामत करायची. पण महिनाभर शिव्या देऊन झाल्यावर तिने एक दिवस चष्मा मालगाडीत ठेवून ताईकडे पुसायला पाठवला. मग औषधाच्या गोळ्या त्याच वाटेने येऊ लागल्या. आणि शेवटी कवळी. दुपारचं जेवण झालं की आई कवळी काढून सपाट वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यावर, ठेवायची, गाडी न्हाणीघराशी जायची, ताई ती धुवायची आणि परत पाठवायची. कवळी वाघिणीच्या दोन्ही बाजूंना बोटबोट बाहेर यायची. तेवढं चालायचं, कारण त्या वाटेवर बोगदा नव्हता.

त्या दुपारी सलूनवाला एका पाहुण्याला आपला जबडा दाखवायला घेऊन आला. भाऊजींना फुशारकी मारायची होती. त्यांनी बोगद्याच्या लाइनवर एक्स्प्रेस सोडली आणि पाहुणा वा वा करत असताना रुळांचा सांधा पुन्हा न्हाणीघराकडे वळवायचं विसरले. आतून आईने गाडी सोडली. दातांची मालगाडी भिंतीच्या भोकातून डौलात बाहेर आली, न्हाणीघराकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली आणि बोगद्यात शिरली. बोगद्याचं तोंड भव्य होतं, दिसायला बरं म्हणून. आत घसा अरुंद.

कडकन आवाज आला. भाऊजींनी गाडी मागे घेतली, तर इंजिन एकटंच बाहेर आलं.

पुढचे चार तास ते डोंगरासमोर बसून होते. एका हातात दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा, दुसऱ्या हातात वाकडी सळई. सवयीने दोनदा त्यांनी डोंगराला "आ करा" म्हटलं. कवळी दिसत होती, हलत नव्हती. खालून काढायची, तर टेबल कापावं लागलं असतं. करवत बघताच आई दारात आली आणि नुसती मान हलवली. बाबांच्या टेबलाला करवत लावायची नाही. आता उरला डोंगर, आणि त्याचं नाव काढलं की भाऊजींचा चेहरा उतरायचा.

"नवीन करतो," ते म्हणाले. "चांगली करतो, आई. आहे त्याहून चांगली."

आणि केली. आईने ती घातली, आरशात बघितलं आणि काढून ठेवली. दुसरी केली. ती तिने घातलीच नाही, हातात फिरवून परत दिली. तिसरी इतकी सुरेख झाली होती की ताई म्हणाली, मलाच बसवा. आईने पाटी मागवली आणि त्यावर लिहिलं, "परकं तोंड आहे."

हो, पाटी. आई बोलायची बंद झाली होती. कवळीशिवाय शब्द घसरायचे, आणि ज्या बाईने जन्मभर शब्द नेमका मारला, तिला घसरलेला शब्द तोंडातून काढणं मान्य नव्हतं. जेवणही टाकल्यासारखंच केलं. दुधात बुडवलेला पाव चार घास, की पुरे. तोंडावर पदर घेऊन ती भिंतीकडे बघत बसायची. मी रोज दुकान बंद करून जायचे, काहीतरी चुकीचं मुद्दाम बोलायचे, की आता तरी आई मला झापेल. ती फक्त बघायची. मला भीती वाटायला लागली होती. खरं सांगते, आई जाईल असं मला वाटत होतं, आणि तेही अशी, गप्प.

शेवटी मी भाऊजींना धरलं. "भाऊजी, डोंगर मोठा की माझी आई?"

"शिंपीणबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "लोकांचे जबडे आहेत ते. विचारायला नको?"

मला वाटलं, वेळ काढतायत. पण विचारायचं ठरलं. रविवारी सगळे जबडेवाले पुढच्या खोलीत जमले, आणि अशी सभा मी जन्मात बघितली नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिखराला हात लावायचं कारणच नाही, पायथ्यापासून सुरुवात करा. पायथ्याचे म्हणाले, पायथा काढला तर शिखर राहतंय कुठे? उतारावरच्या काकांनी अट घातली की डोंगर परत रचताना त्यांना वरची जागा मिळावी. कोणी म्हणालं, माझा जबडा काढा, पण आधी शेजारच्यांचा. भाऊजी टिपून घेतल्यासारखी मान हलवत होते.

तेवढ्यात आई बाहेर आली. पदर तोंडावर, भिंतीला धरून. सलूनवाला उठून उभा राहिला, सवयीने घाबरून. आई त्याच्यासमोर थांबली. त्याची दाढी वाढलेली होती, शर्टाचं बटण तुटलं होतं, सलून भर रविवारी बंद होतं. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर आईने त्याला सोलून काढला असता. आई काहीच बोलली नाही.

"काकू," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "एक शिवी तरी द्या हो."

आईने मान खाली घातली.

"काढा माझा जबडा," सलूनवाला भाऊजींना म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढा."

मग कोण नाही म्हणणार? भाऊजींनी छिन्नी घेतली, छोटी हातोडी घेतली. शिखर पहिल्यांदा उतरलं. मुख्याध्यापिकांनी आपला जबडा रुमालात गुंडाळला आणि कोणाकडे न बघता घरी गेल्या. मग एकेक जण आपापलं तोंड हातात घेऊन रांगेने बाहेर पडला. सलूनवाला तेवढा थांबला. डोंगर कमी कमी होत बोगद्याच्या छपरापर्यंत आला. तिथे एकच जबडा उरला, रुळांवर कमानीसारखा, टेबलाला प्लास्टरने पक्का बसवलेला, आणि त्याच्याखाली आईची गुलाबी कवळी रुतलेली. एक घाव की मोकळी.

भाऊजींनी हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"मारा ना," मी म्हटलं.

"हा नाही फोडता येत मला."

"आता हा कोणाचा? राजाचा?"

त्यांनी खिशातून ब्रश काढून जबड्यावरची धूळ झाडली. पुढचे दात स्वच्छ दिसले. वरच्या डाव्या बाजूच्या पुढच्या दाताला खालून बारीक खाच होती, दोरा अडकेल एवढी.

ती खाच मी कुठेही ओळखीन. जन्मभर दोरा दातांनी तोडला की शिंप्याच्या दाताला तशी खाच पडते. कात्री हाताशी असतानाही बाबा दोरा दातांनीच तोडायचे.

"शेवटच्या वर्षी आले होते माझ्याकडे," भाऊजी म्हणाले. "दाढा गेल्या होत्या. म्हणाले, चणे खायचेत, गुपचूप करून द्या, हिला सांगू नका, हसेल. साचा केला आणि ते गेले. कवळी राहूनच गेली. साचा टाकवेना, आणि तुम्हाला दाखवायचा धीर होईना. मग त्यांच्याच टेबलावर बसवला. बाकीचा डोंगर त्याच्यावर केला, त्याला कोणी हलवू नये म्हणून."

म्हणजे एवढी वर्षं आम्ही ज्याला खेळ म्हणत होतो, तो हा होता.

आई पुढे आली. वाकली. तिने त्या खाचेवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली. मग तिने पदर खाली घेतला, कितीतरी दिवसांनी, आणि सगळ्यांसमोर बोळक्या तोंडाने बोलली. शब्द घसरले, पण प्रत्येकाला कळले.

"हातोडी खाली ठेवा."

"पण आई, तुमची कवळी—"

"राहू दे त्यांच्याजवळ."

त्यानंतर भाऊजी चार-पाच दिवस दिसलेच नाहीत. कामाच्या खोलीचं दार लावून घेतलेलं. मी आईजवळ बसून एका विजारीची पट्टी दुमडत होते, तेव्हा भिंतीच्या भोकातून मालगाडी आली. वाघिणीवर नवी कवळी होती. भाऊजी गाडीमागून आले नाहीत, दाराआड उभे राहिले.

आईने ती घातली. मला वाटलं, आता पाटी मागणार. तिची जीभ दातांवरून फिरली आणि वर डाव्या बाजूला थबकली. तिथेच ती पुन्हा पुन्हा फिरत राहिली. मग तिने माझ्या हातातली विजार ओढून घेतली, लोंबता दोरा त्या खाचेत धरला आणि कट्कन तोडला.

"जावईबापू," ती स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली. "हे दात माझे नाहीत."

दाराआडून कडी हलल्याचा आवाज आला.

"पण घरातले आहेत. चालतील. आणि ते दार सोडा, वाळवी लागली असेल तर खाली पडाल."

खिडकीखालून सलूनवाला चालला होता. आईने त्याला त्या दिवशी असा काही धुतला, की गेल्या सगळ्या आठवड्यांची बाकी फिटली. तो मान वर करून, हात जोडून, शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

मग तिने चणे मागवले. मालगाडीनेच. बाबांच्या तोंडी नेहमी एक म्हण असायची, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. आईने मूठभर चणे सावकाश चावून खाल्ले, कुडुमकुडुम आवाज करत. दोन दाणे तिने वाघिणीवरच ठेवले.

"गाडी पुढे जाऊ द्या," ती म्हणाली.

पुढे न्हाणीघर होतं. भाऊजींनी काही न विचारता सांधा बदलला आणि गाडी बोगद्याकडे सोडली.